उदारमतवाद्यांचा शेजारधर्म

जॉन स्टुअर्ट मिल हे नाव महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकांस नवे नाही. आगरकरांच्या पिढीने मिल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ ज्या आदराने वाचले, तो आदर पुढील विद्यार्थ्यांस जणू वारशानेच मिळाला. व्यक्तिस्वातंत्र्यावरील त्याचा सुप्रसिद्ध ग्रंथ १८५९ साली बाहेर पडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘फ्रेझर्स मॅगझीन’ या मासिकात त्याने आणखी एक छोटा निबंध लिहिला. परराष्ट्राच्या अंतर्गत कारभारात एखाद्या स्वतंत्र राष्ट्राने हात घालावा की नाही, आणि घातला तर केव्हा, हा त्याचा विषय. ग्रंथाची कीर्ती एवढी वाढली की निबंध तिच्या छायेत राहिला. आमच्या मते मात्र ही दोन्ही लिखाणे शेजारी ठेवूनच वाचावयास हवीत. कारण घरात व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा एवढा कैवार घेणारा मनुष्य उंबरठ्याबाहेर पडला म्हणजे शेजाऱ्याशी कसा वागतो, हे त्या निबंधावाचून कळावयाचे नाही.

निबंधाचा उत्तरार्ध खरोखरच उच्च दर्जाचा आहे. केवळ एखाद्या तत्त्वासाठी दुसऱ्यावर चाल करून जाणे हे मुलुखासाठी किंवा महसुलासाठी चाल करून जाण्याइतकेच निंद्य होय, असे मिल तेथे स्पष्ट बजावतो. एखादे राष्ट्र आपल्याच जुलमी राजाविरुद्ध झगडत असेल तर बाहेरच्याने त्यास स्वातंत्र्य आणून देऊ नये. जी प्रजा स्वातंत्र्यासाठी स्वतः कष्ट व धोका पत्करीत नाही तिच्या हाती ते टिकत नाही, आणि जी पत्करते तिला ते दुसऱ्याने देण्याचे कारण उरत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. याला तो एकच महत्त्वाचा अपवाद करतो. तिसऱ्याच कोणी सत्तेने आधी हात घातला असेल, तर तो हात दूर सारण्यापुरते मध्ये पडणे न्याय्य होय. १८४९ साली रशियाने हंगेरीचा उठाव चिरडला, तेव्हा इंग्लंडने हंगेरियनांची बाजू घेतली असती तर ते योग्यच झाले असते, असे त्याचे मत होते.

हे सर्व ठीक. परंतु या उत्तरार्धापूर्वी एक पूर्वार्ध आहे, आणि तेथेच सारी मेख आहे. हे नियम ‘सुधारलेल्या’ राष्ट्रांनी आपापसांत पाळावयाचे. रानटी समाजांशी वागताना ते लागू पडत नाहीत, असे मिल सांगतो. कारणे दोन. रानटी लोक नियमांची परतफेड करीत नाहीत, हे एक. आणि परक्यांनी जिंकून घेण्यातच ज्यांचे हित आहे अशा अवस्थेपलीकडे ते अद्याप गेलेले नसतात, हे दुसरे. आता, अमुक समाज कोणत्या अवस्थेत आहे हे ठरवावयाचे कोणी? मिलने हा प्रश्न विचारलाच नाही. ज्याच्यावर स्वारी करावयाची त्याच्याविषयीचा निवाडा स्वारी करणाऱ्याकडेच सोपविला, तर उत्तरार्धातील सारे निर्बंध कागदावर राहतात. स्वातंत्र्यावरील ग्रंथातही मागासलेल्या समाजांस त्याने आरंभीच त्या तत्त्वातून वगळले आहे. तेव्हा ही चूक ओघात झालेली नव्हे, ती इमारतीच्या पायातच आहे.

या ठिकाणी मिलची नोकरी विसरून चालणार नाही. सतराव्या वर्षी, १८२३ साली, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत शिरला आणि १८५८ साली कंपनीचा कारभार राणीकडे जाईपर्यंत तेथेच राहिला. हिंदी संस्थानांशी होणाऱ्या राजकीय पत्रव्यवहाराचे मसुदे करणे हे त्याच्या कामाचे मुख्य अंग होते. म्हणजे शेजाऱ्याच्या घरात हात घालण्याचा हा धंदा तो पस्तीस वर्षे जवळून पाहत होता. निबंधातही तो अयोध्येच्या नबाबाचे १८५६ साली खालसा झालेले राज्य उदाहरणास घेतो आणि त्या कृत्याचे समर्थन करतो. त्याची तक्रार एवढीच की ते फार उशिरा झाले. सातारा १८४८ साली आणि नागपूर १८५४ साली खालसा झाल्याचे ज्यांच्या घराण्यांच्या आठवणीत आहे, अशा वाचकांस हा भाग वाचताना मिलविषयीचा आदर थोडा वेळ बाजूला ठेवावा लागेल. ती दोन्ही राज्ये औरस वारस नाही या सबबीवर गेली, गैरकारभाराच्या नव्हे. परंतु निवाडा करणारा आणि लाभ घेणारा एकच, ही गोष्ट तिन्ही ठिकाणी समान आहे.

मिल तत्त्वज्ञ होता. त्याचे तत्त्व राज्यकर्त्यांच्या हाती गेल्यावर काय झाले, ते पाहू. ग्लॅडस्टनचे उदाहरण सर्वश्रुत असल्याने येथे चार ओळींत उरकतो. परराष्ट्रांवरील स्वाऱ्यांचा कडक निषेध करून तो १८८० साली अधिकारावर आला आणि ११ जुलै १८८२ रोजी त्याच्याच सरकारच्या आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. जॉन ब्राइटने मंत्रिपद सोडले. सप्टेंबरात तेल-अल्-कबीरच्या लढाईत अरबी पाशाचा पराभव झाला. सैन्य थोड्या दिवसांसाठी म्हणून गेले होते; शेवटचा ब्रिटिश शिपाई मिसरातून निघाला तो १९५६ साली. हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणींच्या खर्चाचा काही भार हिंदी तिजोरीवर घालण्यात आला, ही गोष्ट आमच्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ग्लॅडस्टनच्या खाजगी गुंतवणुकीत मिसरच्या कर्जाशी निगडित रोख्यांचा वाटा फार मोठा होता, हे त्याच्या रोजनिशीच्या संपादकाने पुढे दाखवून दिले. असो.

या ग्लॅडस्टनची तसबीर एका अमेरिकन मुलाने आपल्या लिहिण्याच्या मेजावर टांगली होती. तो मुलगा म्हणजे वुड्रो विल्सन. पुढे तो प्राध्यापक झाला, १९०२ साली प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि ४ मार्च १९१३ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदावर बसला. आमच्याच व्यवसायातील मनुष्य म्हणून त्याच्याविषयी आम्हांस थोडी आपुलकी वाटते, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु अध्यापकाचा एक दोषही त्याच्यात पुरेपूर होता. समोरचा मनुष्य विद्यार्थीच आहे आणि परीक्षेचा कागद आपणच तपासावयाचा आहे, अशी त्याची पक्की समजूत असे.

त्याच्या आधीच्या अध्यक्षांनी कॅरिबियन समुद्राच्या भोवतालच्या राज्यांवर सैन्य धाडले होते. परंतु त्यांपैकी बहुतेकांनी त्यास व्यापार, कर्जवसुली किंवा पनामा कालव्याचे संरक्षण अशी रोखठोक नावे दिली होती. विल्सनने ती भाषा टाकून दिली. ऑक्टोबर १९१३ मध्ये मोबील येथील भाषणात, यापुढे अमेरिका जिंकून एक फूटभरही जमीन घेणार नाही, असे अभिवचन त्याने दिले. आणि ते अक्षरशः पाळलेही. तरीदेखील कॅरिबियनमधील शेजाऱ्यांच्या घरात त्याच्या कारकीर्दीत अमेरिकन सैन्य जितके शिरले तितके क्वचितच दुसऱ्या कोणाच्या कारकीर्दीत शिरले असेल. जमिनीची अभिलाषा न धरता शेजाऱ्याचे घर ताब्यात घेता येते, हा शोध या उदारमतवादी प्राध्यापकाचा.

मेक्सिकोची हकीकत प्रथम घेऊ. फेब्रुवारी १९१३ मध्ये सेनापती हुएर्ता याने लोकांनी निवडलेल्या अध्यक्ष मादेरो याचे सरकार उलथून पाडले आणि २२ तारखेस मादेरो व त्याचा उपाध्यक्ष यांस गोळ्या घालून ठार मारण्यात आले. या कटाचा करारनामा खुद्द अमेरिकन वकिलातीत झाला होता. वकिलाचे आडनावही योगायोगाने विल्सनच होते. नव्या अध्यक्षास याची मनापासून किळस आली. खुन्याच्या सरकारला मान्यता देणार नाही, असे त्याने ठरविले. येथपर्यंत त्याच्याशी कोणाचा मतभेद होईल असे आम्हांस वाटत नाही. परंतु मान्यता न देणे ही एक गोष्ट, आणि मेक्सिकोने कोणास निवडावे हे शिकवू लागणे ही दुसरी. दक्षिणेकडील प्रजासत्ताकांस चांगली माणसे निवडून द्यावयास आपण शिकविणार आहो, असे तो एका इंग्रज मुत्सद्द्यापाशी बोलल्याचे नमूद आहे.

९ एप्रिल १९१४ रोजी टॅम्पिको बंदरात पेट्रोल आणण्यास गेलेल्या अमेरिकन खलाशांस मेक्सिकन शिपायांनी पकडले. थोड्याच वेळात ते सुटले आणि अधिकाऱ्याने दिलगिरीही व्यक्त केली. परंतु अमेरिकन आरमाराच्या अधिकाऱ्याने निशाणास एकवीस तोफांची सलामी मागितली. हुएर्ताने परतफेडीच्या सलामीचा आग्रह धरला, आणि एवढ्याशा मानपानावरून प्रकरण युद्धाच्या दारी गेले. इतक्यात ‘इपिरांगा’ नावाचे जर्मन जहाज हुएर्तासाठी शस्त्रे घेऊन व्हेराक्रूझ बंदरास येत असल्याची बातमी आली. २१ एप्रिल रोजी अमेरिकन सैन्याने ते बंदर घेतले. आरमारी शाळेतील मुलांनी बंदुका उचलल्या, रस्त्यांतून लढाई झाली. वीसच्या आसपास अमेरिकन आणि शंभराहून कितीतरी अधिक मेक्सिकन पडले. विल्सनची कल्पना अशी होती की, हुएर्ताला कंटाळलेली मेक्सिकन जनता आपले स्वागत करील. तसे काहीच घडले नाही. हुएर्ताचा कट्टर शत्रू कारान्सा यानेदेखील या स्वारीचा निषेध केला. ज्याच्या बाजूने मध्ये पडलो असे विल्सनला वाटत होते, त्यानेच त्यास परत जा म्हणून सांगितले! आणि ती शस्त्रे? ‘इपिरांगा’ने काही आठवड्यांनी दुसऱ्या एका बंदरात जाऊन ती उतरविली.

हुएर्ताने जुलै १९१४ मध्ये राजीनामा दिला, तो मुख्यतः कारान्सा, व्हिया, सापाता यांच्या फौजांनी त्यास पुरते जेरीस आणले म्हणून. मिलचे तत्त्व येथे अचूक ठरले. मेक्सिकोने आपले काम आपणच केले. पुढे १९१६ साली पाँचो व्हियाने सीमेपलीकडील कोलंबस गावावर छापा घातला, तेव्हा पर्शिंगच्या हाताखाली एक मोठी फौज मेक्सिकोत पाठविण्यात आली. तिला व्हिया काही सापडला नाही, उलट जूनमध्ये कारान्साच्याच शिपायांशी तिची चकमक झडली. ती फौज ५ फेब्रुवारी १९१७ रोजी परतली. त्याच दिवशी मेक्सिकोने आपली नवी राज्यघटना जाहीर केली आणि भूगर्भातील संपत्ती राष्ट्राच्या मालकीची ठरविली. वॉशिंग्टनच्या शाळेत हा धडा खासच शिकविला गेला नव्हता.

मेक्सिको मोठा देश; तो सावरला. हैतीचे तसे झाले नाही. फ्रेंच मळेवाल्यांच्या गुलामांनी स्वतः बंड करून १८०४ साली स्थापिलेले हे राज्य. स्वातंत्र्यासाठी कष्ट व धोका पत्करण्याची जी कसोटी मिलने घातली, ती याहून अधिक कडकपणे कोणी पार पाडली असेल असे आम्हांस वाटत नाही. तरी अमेरिकेने त्यास मान्यता देण्यास १८६२ साल उजाडले. डिसेंबर १९१४ मध्ये, म्हणजे सैन्य उतरण्यापूर्वी सात महिने, अमेरिकन नौसैनिकांनी तेथील राष्ट्रीय बँकेतून पाच लाख डॉलरचे सोने दिवसाढवळ्या काढून गनबोटीवर चढविले आणि न्यू यॉर्कला नेले. २७ जुलै १९१५ रोजी अध्यक्ष साम याच्या हुकुमाने दीडशेहून अधिक राजकीय कैद्यांची कत्तल झाली; दुसऱ्या दिवशी जमावाने सामला ठार मारले; आणि त्याच दिवशी अमेरिकन नौसैनिक पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरले. ते तेथे एकोणीस वर्षे राहिले.

कत्तल भयंकर होती, आणि ती पाहून कोणाही सहृदय मनुष्याचा संयम सुटावा, हे आम्ही मान्य करतो. परंतु त्यानंतर जे झाले त्याचा कत्तलीशी संबंध नव्हता. पसंतीचा अध्यक्ष निवडून आणला गेला. सप्टेंबरातल्या तहाने जकात आणि पोलीस ही दोन्ही खाती अमेरिकनांच्या हाती गेली. परदेशीयांस हैतीची जमीन विकत घेता येऊ नये, असा निर्बंध त्या राष्ट्राच्या जन्मापासून होता. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी मळेवाला पुन्हा येऊ नये म्हणून घातलेले ते कुंपण होते. नव्या घटनेच्या मसुद्यात ते काढून टाकलेले होते. १९१७ साली तेथील विधिमंडळ हा मसुदा मान्य करीना; तेव्हा अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हाताखालील शिपायांनी ते विधिमंडळच बरखास्त केले. मग जून १९१८ मध्ये सार्वमत घेतले. अनुकूल मते ९८,२२५, प्रतिकूल ७६८. ज्या देशात लिहिता-वाचता येणारे शेकड्यात मूठभर, आणि मतपेटीवर पहारा त्याच शिपायांचा, तेथे हे आकडे काय सांगतात ते वाचकांनीच ठरवावे. नवे विधिमंडळ १९३० सालापर्यंत निवडले गेले नाही.

तारखांकडे पाहावे. जानेवारी १९१८ मध्ये विल्सनने आपले चौदा मुद्दे जगापुढे मांडले. फेब्रुवारीत स्वयंनिर्णयाची भाषा त्याच्या मुखातून निघाली. जूनमध्ये हैतीत वरील सार्वमत झाले. आणि १९१९ च्या आरंभी, त्याच विल्सनवर भरवसा ठेवून, लोकमान्य टिळकांनी लंडनहून हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयासाठी त्यास पत्र लिहिले; त्याच्या चिटणिसाचे सौजन्याचे उत्तरही आले. त्याच वर्षाच्या अखेरीस हैतीच्या डोंगरांतील बंडाचा पुढारी शार्लमेन पेराल्त मारला गेला. सडकांसाठी सक्तीची वेठ पुन्हा सुरू केल्यामुळे ते बंड पेटले होते. त्याचे प्रेत दाराला बांधून उभे केले, छायाचित्र काढले आणि लोकांनी धास्ती घ्यावी म्हणून त्याच्या प्रती वाटल्या. परिणाम उलटा झाला. उघडे अंग, पसरलेले हात, मागे निशाण: कॅथॉलिक हैतियनांस त्यात क्रुसावरील ख्रिस्त दिसला. पुढे फिलोमे ओबँ या चित्रकाराने त्याच रूपात ते रंगविले आणि हैतीच्या नाण्यावरही पेराल्तचा चेहरा आला.

हे सारे न्यू यॉर्कच्या बँकांसाठी झाले, विल्सनची तत्त्वे म्हणजे निव्वळ बुरखा, असे म्हणणारे टीकाकार आहेत. बँकांचा हात होता यात संशय नाही. परंतु विल्सनला दांभिक ठरवून आपण फार सहज सुटतो. तो दांभिक असता तर मेक्सिकोतील तेलवाल्या भांडवलदारांचे ऐकून त्याने हुएर्तालाच मान्यता दिली असती. त्यांची इच्छा तीच होती. त्याला खरोखरच शेजाऱ्याचे भले करावयाचे होते, आणि आमच्या मते अडचण तीच आहे. लोभी मनुष्यास तोटा दिसला की तो थांबतो. भले करावयास निघालेल्याचे तसे नाही. शेजारी विरोध करू लागला की तो अद्याप शिकावयाचा आहे, एवढाच अर्थ तो काढतो आणि मुक्काम वाढवितो. मिलने ‘रानटी’ हा शब्द उघडपणे लिहिला होता. विल्सनच्या काळी तो असभ्य झाला. त्याच्या जागी ‘स्वराज्यास अद्याप अपात्र’ असा सौम्य शब्द आला, आणि हा शब्द आमच्या देशात दीडशे वर्षे ऐकला गेला असल्याने त्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही.

हैतीत सडका झाल्या, दवाखाने निघाले, शहरांची स्वच्छता झाली, असे समर्थक सांगतात. ते खरे आहे. आगगाडीच्या युक्तिवादाला आमच्या आजोबांनी जे उत्तर दिले, तेच येथे पुरेसे आहे.

मग १९७१ चे काय, असा प्रश्न आमचे वाचक साहजिकच करतील. आणि तो टाळणे योग्य होणार नाही. त्या वर्षी लोकशाही हिंदुस्थानाने शेजारच्या प्रदेशात सैन्य धाडले. परंतु तेथे डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व बंगालने आपला कौल निःसंदिग्धपणे दिला होता. मार्च १९७१ पासून तेथील लोक स्वतः लढत होते. सुमारे एक कोटी निर्वासित आमच्या हद्दीत आले होते. आणि विजयानंतर तीन महिन्यांत, मार्च १९७२ मध्ये, सैन्य परत आले. मिलच्या उत्तरार्धाशी ही गोष्ट बरीचशी जुळते, आणि पूर्वार्धाचा आधार तिला घ्यावा लागला नाही. १९८७ साली श्रीलंकेत आमची शांतिसेना गेली तेव्हा मात्र चित्र निराळे झाले. करार दोन सरकारांनी केला. ज्यांच्या रक्षणासाठी तो केला म्हणून सांगितले त्यांच्यातीलच लढवय्यांशी आमच्या सैन्याची लढाई जुंपली. कोलंबोतील नव्या अध्यक्षानेही परत जा म्हटले. आणि बाराशेच्या आसपास जवान गमावून सैन्य मार्च १९९० मध्ये परतले. हेतू शुद्ध असल्याची ग्वाही दोन्ही वेळी देण्यात आली होती.

मिलकडे पुन्हा वळतो, कारण त्याच्या अयोध्येच्या विवेचनात एक निरीक्षण असे आहे की ज्याचा त्याने स्वतः पुरता उपयोग केला नाही. इंग्रजी सैन्याच्या आधारामुळे नबाबास प्रजेच्या बंडाची धास्ती राहिली नाही. पूर्वी जुलूम फार झाला म्हणजे बंड होई, आता तो मार्गही बंद झाला. सबब त्या जुलमाची जबाबदारी आधार देणाऱ्यावर येते, असे तो म्हणतो. निदान अचूक आहे. परंतु यावरून सरळ निघणारा उपाय म्हणजे आधार काढून घेणे. मिलने राज्यच घ्यावयास सांगितले. कॅरिबियनमध्येही तोच क्रम झाला. शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात १९१६ ते १९२४ पर्यंत अमेरिकन लष्करी अंमल होता. त्या अंमलाने उभारलेल्या दलात तयार झालेला त्रुहियो १९३० साली सत्तेवर आला आणि १९६१ साली मारला जाईपर्यंत उतरला नाही. हैतीत अमेरिकन अधिकाऱ्यांनी जी शिपायांची संघटना बांधली, तीच पुढे त्या देशाची फौज झाली. देशात दुसरी कोणतीही संस्था तिच्या तोडीची उरली नसल्याने अध्यक्ष बसविणे आणि उठविणे हे तिचे काम होऊन बसले. डिसेंबर १९९० मध्ये निवडून आलेल्या आरिस्टीड यास तिने सप्टेंबर १९९१ मध्ये हाकलून लावले. तेव्हा १९९४ साली, विल्सनच्याच पक्षाच्या क्लिंटन या अध्यक्षाने, लोकशाहीची पुनःस्थापना करण्यासाठी पुन्हा सैन्य पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरविले. आरिस्टीड परत आला, आणि दुसऱ्या वर्षी त्याने ती फौजच मोडून टाकली.